गाळलेल्या जागांचं व्याकरण

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत लिहिलेल्या प्रबंधाचं व्याकरण तपासायचं, तर आधी त्यातल्या आज्ञा काढून टाकाव्यात, असं कुणालाही वाटेल. युनिक्सवर ट्रॉफ या तशाच प्रणालीतल्या मजकुरासाठी ‘डीरॉफ’ हे साधन हेच करत असे. लाटेकचा पाया असलेल्या टेकसाठी पुढे ‘डीटेक’ आलं. शुद्धलेखन तपासायला एवढं पुरतं, कारण तिथे शब्द सुटा पाहिला जातो. व्याकरण मात्र शब्दांच्या परस्परसंबंधात असतं, आणि आज्ञा गाळली की काही वेळा तो संबंधच तुटतो.

‘क्षची किंमत काढा’ या वाक्यात क्ष हे गणिती चिन्ह आहे. ते गाळलं, तर ‘ची किंमत काढा’ उरतं. प्रत्यय निराधार होतो. ‘समजा क्ष ही सम संख्या आहे’ यातून क्ष काढला, तर ‘समजा ही सम संख्या आहे’ हे निर्दोष वाक्य उरतं, पण ते लेखकाचं नव्हे. पहिल्या वाक्यात नसलेली चूक दिसेल. दुसऱ्यात लेखकाचं वाक्य तपासलंच जाणार नाही.

म्हणून प्रत्येक आज्ञा वाक्यात कोणतं काम करते, हे आधी ठरवावं लागतं. तिरप्या ठशाची आज्ञा जावी, आतले शब्द राहावेत. लेबल पूर्ण नाहीसं व्हावं. तळटीप बाजूला काढून स्वतंत्र तपासावी, नाहीतर ती वाक्याचे दोन तुकडे करते. आकृतीच्या संदर्भाजागी आकडा धरावा आणि सूत्राजागी नाम. ‘यालाफी’सारखी साधनं सूत्राच्या जागी असाच बदली शब्द ठेवतात, आणि मूळ फाइलमधलं स्थानही लक्षात ठेवतात, म्हणजे सापडलेली चूक लेखकाला नेमक्या ओळीवर दिसते.

हा बदली शब्दही जपून निवडावा लागतो. ‘क्ष ही संख्या’ आणि ‘क्ष हा बिंदू’ दोन्ही बरोबर आहेत. बदली शब्दाला लिंग ठरवून दिलं, तर यांतलं एक वाक्य विनाकारण चुकीचं ठरेल. त्या जागी नाम आहे एवढंच सांगावं. लिंग-वचन पुढच्या शब्दांवर सोडावं.

लेखकाने स्वतः घडवलेल्या आज्ञांचं काम मात्र साधनाला आपोआप कळेलच असं नाही. ‘एलटेक’ या तपासणी-साधनात अशा आज्ञेकडे दुर्लक्ष करायचं की तिच्याजागी बदली शब्द धरायचा, हे नोंदवता येतं. ही नोंद लेखकानेच करावी, कारण ती आज्ञा वाक्यात कशासाठी आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.