शस्त्र गळून पडल्यानंतर

सुरा घेऊन अंगावर आलेल्याला निःशस्त्र कसे करावे, हे आज आपली मुले-मुली शिकतात. अवश्य शिकावे. प्राण ही अल्लाहची अमानत आहे. तिच्या रक्षणात मारला जाणारा शहीद होय, अशी हदीस आहे. निसटता येत असेल तर निसटावे. वाट नसेल तर वाराच्या रेषेतून बाजूला सरून शस्त्राचा हात मनगटाशी धरावा. प्रशिक्षक इतके शिकवतो. शस्त्र गळून पडल्यावर काय करावे, हे मात्र घराने शिकवायचे असते.

नज्दकडील मोहिमेवरून परतताना प्रेषित (स.) झाडाखाली निजले होते. एका बेदुईनाने त्यांचीच तलवार उपसली आणि आता तुमचा रक्षक कोण, असे विचारले. प्रेषितांनी (स.) अल्लाहचे नाव घेतले. तलवार म्यान झाली, तो माणूस समोर बसून राहिला आणि त्याला कोणतीही शिक्षा झाली नाही. हजरत जाबिर (रजि.) यांची ही हकीकत बुखारीत आहे.

लढणाऱ्यांशी लढतानाही मर्यादा ओलांडण्यास कुरआन मनाई करतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ सुद्धा बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा मान्य करते. धोका टळल्यानंतरचा घाव बचावाचा नसतो, सूडाचा असतो. मनगट धरायला शिकलेल्या हाताला थांबायलाही शिकवा.