भाव करताना

सूप-टोपली घेताना तुम्हीही बुरुडाशी घासाघीस केली असेलच. मी तर पुण्यात वेताच्या खुर्चीसाठी अर्धा तास केली, आणि घरी येऊन फुशारकीने सांगितलीही.

परवा इथे सॉमरसेटमध्ये विलोची खुर्ची घेतली. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. हिवाळ्यात फोक छाटायचे, सालीसकट तासन्‌तास उकळून मग सोलायचे. सालीचा रंग उतरून ते बदामी होतात. विणण्याआधी पुन्हा भिजवायचे, नाहीतर वळवताना तडकतात. कारागीर सांगत होता, मी कौतुकाने ऐकत होतो. मागितली ती किंमत निमूट दिली.

पुण्यातला माणूसही जाड वेत ज्योतीवर शेकून वाकवत होता. त्याला मी काहीच विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तिथे भाव चढवूनच सांगतात. खरं आहे, थोडा चढवलेला असेलही. पण शेवटचे पन्नास रुपये त्याने सोडले ते दिवेलागण झाली होती म्हणून, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मग मी किंमत कशाची करत होतो, कामाची की त्याच्या अडचणीची?

ती खुर्ची अजून आईच्या गॅलरीत आहे. एकही वीण सुटलेली नाही.