परीक्षेच्या आधीची परीक्षा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एखादं मूल 'गिफ्टेड' आहे की नाही, हे शेवटी एका आकड्यावर येऊन थांबतं: बुद्ध्यंक १३०. तो गाठला की वेगळा वर्ग, वेगळा अभ्यासक्रम. पण बुद्ध्यंक मोजायचा तर मुलाला आधी मानसशास्त्रज्ञासमोर बसवायला हवं, आणि कोणाला बसवायचं हे काही आकडा सांगत नाही. फोर्ट लॉडरडेल हे शहर ज्यात येतं त्या ब्रॉवर्ड काउंटीत २००५ पर्यंत ते वर्गशिक्षक आणि पालक ठरवत. बाईंना मूल चुणचुणीत वाटलं की त्या नाव सुचवत. पालकांना वाटलं तर ते अर्ज करत, आणि खिशात पैसे असले तर खासगी चाचणीचा अहवालच हातात घेऊन येत.

काउंटीतली निम्म्याहून अधिक मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होती. तिसरीतल्या 'गिफ्टेड' मुलांत मात्र त्यांचा वाटा २८ टक्के.

मग काउंटीच्या शाळा-प्रशासनानं एक सरळ उपाय केला. कोणी नाव सुचवो न सुचवो, दुसरीतल्या प्रत्येक मुलाला एक छोटी चाचणी द्यायची. नाग्लिएरी नावाच्या या चाचणीत भाषेचं काम जवळजवळ नसतंच. निळ्या-पिवळ्या आकृत्यांचा एक चौकोन असतो, त्याचा एक तुकडा गायब असतो, आणि खालच्या पर्यायांतून तो शोधायचा असतो. घरात इंग्रजी बोलत असोत की स्पॅनिश, त्रिकोण तो त्रिकोणच. इथं बरे गुण पडले की पुढे बुद्ध्यंकाची रीतसर चाचणी.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या प्रयोगाचा हिशेब मांडला. वंचित घरांतल्या मुलांचं 'गिफ्टेड' ठरण्याचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं होतं. हिस्पॅनिक मुलांत ही वाढ १३० टक्के होती, कृष्णवर्णीय मुलांत ८०. यावर लगेच शंका येते की ही मुलं काठावर पास झाली असतील. गरीब आणि इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी ११६ ची सवलतीची अट होतीच. पण नव्यानं सापडलेल्यांपैकी कित्येकांचे गुण किमान मर्यादेच्या बरेच वर होते. इतकी हुशार मुलं रोज समोर बसत होती आणि दिसत नव्हती. पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली, २०१० नंतर सर्वांची चाचणी बंद पडली आणि प्रमाण घसरून जवळपास पूर्ववत झालं. दोन-चार वर्षांत मुलांची बुद्धी कमी-जास्त झाली नव्हती.

यात शिक्षकांना खलनायक करण्याची गरज नाही. हुशार मूल कसं असतं याचं एक चित्र प्रत्येकाच्या डोक्यात असतं: हात वर करणारं, वही नीटनेटकी ठेवणारं, घरी पुस्तकांचं कपाट असलेलं. त्या चित्राशी जुळेल तेच नजरेत भरतं. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात साधना अर्धवट राहिलेल्या योग्याचं पुढे काय होतं, असा प्रश्न अर्जुन विचारतो. तो शुद्ध आणि संपन्न लोकांच्या घरी जन्म घेतो, असं कृष्ण सांगतो. योग्यांच्या घरचा जन्म त्याहून दुर्लभ, असं पुढे आहे, पण लोकांच्या लक्षात संपन्न घरच राहतं. ब्रॉवर्डमधल्या शिक्षकांनी गीता वाचलेली नसणार, तरी बुद्धिमान मूल शोधायला त्यांची नजर आधी कोणत्या घरांकडे वळत होती ते उघड आहे.

गीतेच्या हिशेबात बुद्धी ही मागच्या जन्माची कमाई आहे, म्हणजे हक्काची. जॉन रॉल्सनं १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात याच्या नेमकं उलट म्हटलं: जन्मजात देणगी कोणीच कमावलेली नसते, तेव्हा तिच्या जोरावर जास्त मागण्याचा नैतिक हक्कही आपोआप मिळत नाही. वाद मोठा आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. पण दोघंही देणगी आहे हे गृहीत धरून पुढे जातात. ती कोणात आहे हे बघायला कोण गेलं होतं, हा प्रश्न दोघांच्याही चर्चेत मागेच राहतो.

छांदोग्य उपनिषदातल्या एका प्रसंगात मात्र हा प्रश्न दारातच उभा आहे. जबाला नावाच्या बाईचा मुलगा सत्यकाम हारिद्रुमत गौतमाकडे शिकायला जातो. गौतम गोत्र विचारतो. मुलगा सांगतो की आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. तरुणपणी ती ठिकठिकाणी कामं करत होती, तेव्हा मी जबालेचा सत्यकाम एवढंच. गौतम म्हणतो, अब्राह्मण असं बोलू शकणार नाही, समिधा आण, मी तुझं उपनयन करतो. ही गोष्ट उदारतेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. तरी बारकाईनं पाहिलं तर गौतमानं अट सोडलेली नाही, फक्त पुरावा बदलून घेतला आहे: कुळाऐवजी खरेपणा. पुढे ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात आणि त्यावरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात हीच गोष्ट उलट्या कामाला लागली. मुलगा शूद्र नाही अशी खात्री पटल्यावरच गौतमानं त्याला घेतलं, म्हणून शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, असा तिचा वापर झाला. एका मुलासाठी उघडलेलं दार बाकीच्यांना बंद असल्याचा दाखला ठरलं.

शिवाय सत्यकाम आपल्या पायांनी गेला, म्हणून त्याची गोष्ट उरली. जो गेलाच नाही त्याच्याबद्दल उपनिषदाला काही सांगता येत नाही.

परीक्षांचा इतिहासही याच वळणानं गेला. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मभर ठरलेलीच असते, हे त्यांना मान्य नव्हतं. कॅलिफोर्नियात लुइस टर्मन यांनी तीच चाचणी वाढवून १९२१ पासून अलौकिक मुलांचा शोध सुरू केला. त्यांच्या चाळणीतून सुटलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

छांदोग्यातच प्रवेशाची दुसरी एक तऱ्हा आहे. इंद्र आणि विरोचन, एक देवांचा आणि एक असुरांचा, दोघं प्रजापतीकडे येतात. कोणाची निवड होत नाही. दोघांनाही बत्तीस वर्षं राहू दिलं जातं आणि पहिलं उत्तर दोघांना एकच मिळतं. विरोचन समाधानानं घरी जातो. इंद्राला वाटेत शंका येते, तो परत फिरतो, आणि असं करत एकशे एक वर्षं राहतो. फरक आत आल्यावर पडला. जोसेफ रेन्झुली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९७८ पासून असाच आग्रह धरला: सरासरीपेक्षा बरी बुद्धी, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाचा ध्यास एकत्र येतात तिथं प्रतिभा दिसते, म्हणून वर्गातल्या बऱ्याच मोठ्या गटाला आत घ्या आणि कोण काय करतं ते पाहा.

ब्रॉवर्डमध्ये हेही नकळत घडून गेलं. एखाद्या शाळेत चौथी-पाचवीला एक जरी 'गिफ्टेड' मूल असलं तरी वेगळा वर्ग काढायचा, असा तिथला नियम होता. मग उरलेल्या जागा आदल्या वर्षी चांगले गुण मिळवलेल्या, पण १३० न गाठलेल्या मुलांनी भरल्या जात. कार्ड आणि जुलियानो यांना दिसलं की सगळ्यांत मोठा फायदा याच मुलांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना झाला. वाचनात आणि गणितात त्यांचे गुण ठळकपणे वाढले. १३० वाल्या मुलांच्या गुणांत मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांच्यासाठी वर्ग काढला ते होते तिथंच राहिले आणि जागा भरायला बसवलेली मुलं पुढे गेली. हे वाचून निवडीच्या अटीवरचा विश्वास जरा ढिला व्हायला हरकत नाही.

आपल्याकडे जवाहर नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाला: हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा ८० प्रश्नांची, त्यातले ४० आकृत्यांचे: विसंगत आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. शिक्षकाची शिफारस लागत नाही, पंक्तिभेद नाही. 'नवोदय'चे क्लास आणि गाइडं गावोगाव पोचल्यामुळे घडीचा कागद आता पाठ करण्याची गोष्ट झाली आहे, हा भाग वेगळा. पण अर्ज भरावा लागतो, आणि तो आयुष्यात एकदाच भरता येतो. एखाद्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी स्वतः मोबाइलवर पाचवीच्या पोरांचे अर्ज भरतात, फोटो काढतात, पालकांच्या सह्या गोळा करायला वस्तीवर जातात. एखाद्या वस्तीवर तारीख निघून गेल्यावरच कळतं. पटावरच्या प्रत्येक मुलाची नोंद सरकारकडे 'सरल' प्रणालीत आधीच आहे. तिच्यावरून पाचवीतलं प्रत्येक मूल परीक्षेला बसलेलंच धरायचं आणि ज्याला नको त्यानं तसं कळवायचं, असं करता येईल. खर्च वाढेल तो केंद्रांचा, पर्यवेक्षकांचा आणि प्रश्नपत्रिकांच्या छपाईचा.