आठवत नाही, म्हणून घडलेच नाही?



सेमिनरीत एकदा आमचा वाद रंगला होता: ज्या अन्यायाची जाणीवच माणसाला झाली नाही, त्याला अन्याय म्हणावे का? तेव्हा तो बुद्धीचा खेळ वाटला. 2024 साली फ्रान्समधील आविन्यों येथील खटल्याच्या बातम्या वाचताना तो खेळ राहिला नाही.

जिझेल पेलिको या बाईंना त्यांचा नवरा जवळजवळ दहा वर्षे खाण्यापिण्यातून गुंगीच्या गोळ्या देत होता आणि त्या बेशुद्ध असताना परपुरुषांना घरी बोलावत होता. बाई गोष्टी विसरू लागल्या. स्मृतिभ्रंश झाला की काय, या भीतीने डॉक्टरांकडे गेल्या. स्त्रीरोगाच्याही तक्रारी होत्या. गुंगीच्या औषधाचा संशय डॉक्टरांना आला नाही. 2020 मध्ये पोलिसांना नवऱ्याकडे चित्रफिती सापडल्या, तेव्हा त्यांना कळले. 51 पुरुष दोषी ठरले.

त्या दहा वर्षांत त्यांच्यावर अन्याय होत नव्हता, असे कोण म्हणेल? झोपलेला माणूसही माणूसच असतो. आपला कायदाही गुंगीच्या अमलाखाली, काही न समजता दिलेल्या होकाराला होकार मानत नाही.

तरी आपण विचारतोच, ‘नीट आठवत नाही, मग खरे कशावरून?’ माझ्या मते अशा वेळी न आठवणे हा जबानीतला दोष नाही. पुष्कळदा तेच लक्षण असते. घोटभर पिऊन झोप अनावर झाली, मधले काही तास कोरे आहेत, अंग दुखते आहे, असे कोणी सांगितले तर उलटतपासणी नको. जखमी वाटसरूकडे चांगल्या शोमरोन्याने पुरावा मागितला नव्हता.

आपल्याकडे तर तपासणीचीच दैना होती. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये ती अहवालात मांडली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले. 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. आज सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाला पीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करावेच लागतात. ‘आधी पोलिसांत जा’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही. धर्मग्रामातील परिचारिका भगिनींनी हे आपल्या वॉर्डातही सांगावे.

वेळ मात्र थोडा असतो. काही औषधे बारा तासांतच लघवीतून नाहीशी होतात, एच.आय.व्ही. प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. आईचा हात आधी पाण्याकडे जातो, मुलीला न्हाऊ घालावे म्हणून. तो जरा थांबवा. कपडे न धुता कागदी पिशवीत घाला, लघवी आवरतच नसेल तर स्वच्छ बाटलीत धरा, आणि तिला घेऊन निघा.