झोपला, असं मी लिहिलं

स्पर्धेचं माहितीपत्रक दोन पानांचं होतं. चित्रपुस्तकासाठी मराठी संहिता, वयोगट ५ ते ८, शब्द ५०० च्या आत, ३२ पानांत विभागणी करून दाखवायची. चित्रं जोडायची नाहीत, ती निवड झाल्यावर प्रकाशक काढून घेणार. संहितेवर लेखकाचं नाव नको. आणि शेवटी एक प्रतिज्ञापत्र: ही कथा माझी स्वतंत्र निर्मिती आहे, ती अनुवादित, रूपांतरित किंवा दुसऱ्या कुणाच्या कथनावर आधारलेली नाही, तिच्यातली पात्रं काल्पनिक आहेत. खाली सही आणि तारीख.

गेली वीस वर्षं मी अनुवाद करते, बंगाली आणि हिंदीतून मराठीत. ‘अनुवादित नाही’ अशा वाक्याखाली सही करायची वेळ आजवर आली नव्हती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंमत वाटली. नंतर तो कागद महिनाभर फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

कथा बीजींची आहे. बीजी आमच्या घरमालकांच्या आई. वय ८३ किंवा ८४, त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. फरीदाबादला राहते म्हटलं की पुण्याचे नातेवाईक ‘म्हणजे दिल्लीच’ म्हणतात आणि विषय संपतो. पण आम्ही राहतो तो भाग, पाच नंबर, हा दिल्लीचा नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माईल खानकडून आलेल्या माणसांनी १९४९ पासून तो स्वतःच्या हातांनी बांधला. दुकानदारी आणि वकिली करणारी माणसं विटा वाहू लागली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते त्यांच्यात राहून सहकारी संस्था उभ्या करत होते. त्यांतल्या लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८ साली या शहराची हकीकत लिहिली आणि त्याला आशेचं शहर म्हटलं. आज इथल्या धुळीत आणि हॉर्नच्या गोंगाटात ते नाव जरा जड वाटतं, पण आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अजून बन्नूवाली बोलतात.

बीजींचं कुटुंब इथं येण्याआधी कुरुक्षेत्रच्या छावणीत होतं. डिसेंबर १९४७ मध्ये त्या छावणीत सुमारे ३ लाख माणसं तंबूंत राहत होती. रामचंद्र गुहांनी लिहिलंय की तिथं प्रोजेक्टर आणून, मोठा कापडी पडदा लावून डिस्नेचे मिकी माउसचे बोलपट दाखवले जात, आणि गर्दी इतकी की पडदा दोन्ही बाजूंनी पाहता येईल अशी सोय होती. हे मी पुस्तकात वाचलं त्याआधी बीजींकडून ऐकलं होतं. त्यांना ‘डिस्ने’ माहीत नाही. ‘चूहा’ माहीत आहे. दोन वर्षांच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्या पडद्याच्या मागच्या बाजूला बसल्या. पुढे बसलेल्या मुलांना उंदीर उजवीकडे पळताना दिसला, तर यांना डावीकडे. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत त्यावरून मारामारी झाली. “अक्षरं उलटी होती म्हणतात,” बीजी सांगतात, “पण आम्हाला सुलटी तरी कुठं येत होती!” भाऊ इतका हसला की त्याला उचकी लागली. मग परत येताना तो खांद्यावर झोपला.

(बीजींचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. म्हणजे इथंही अनुवाद आलाच.)

दोन हिवाळे त्यांनी मला ही गोष्ट सांगितली, प्रत्येक वेळी उचकीपर्यंत आणि खांद्यापर्यंत. तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. एका शेंगेनंतर त्या म्हणाल्या, “त्याच थंडीत तो गेला.” पुढची शेंग उचलली. मीही उचलली. त्या दिवशी त्याबद्दल आणखी काही बोलणं झालं नाही.

म्हणजे संहिता लिहायला बसले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. न कळता सुटलं असं म्हणायला जागा नाही. शेवटच्या दोन पानांवर मी लिहिलं: ताईच्या खांद्यावर तो झोपला. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यावर मी खूश होते. मुलांना त्यात झोप दिसेल, मोठ्यांना दुसरं काही ऐकू येईल, परीक्षक थबकेल. मराठीत मरणाला झोप म्हणायची सोय आधीपासून आहेच. ती मी फुकटात वापरली होती.

ही हुशारी टिकली नाही. पुण्यात माझी एक मैत्रीण बालवाडी चालवते, तिला मसुदा पाठवला होता. तिचा फोन आला. म्हणाली, मरणाला झोप म्हणायचं नाही हे आम्ही पालकांना पहिल्यांदा सांगतो. आजोबा झोपले असं सांगितलेली मुलं रात्री डोळे मिटायला घाबरतात. तुला झोप म्हणायची असेल तर ती झोपच असू दे, आणि मरण म्हणायचं असेल तर ते म्हण. एका शब्दात दोन्ही ठेवून तू मोठ्यांशी डोळे मिचकावते आहेस, मुलांच्या डोक्यावरून.

तिचं म्हणणं लागलं, कारण ते बरोबर होतं. तिची पुढची सूचना मात्र मला तितकी सरळ वाटली नाही. तिच्या मते खरं ते सांगून टाकावं, मुलांना सगळं पेलतं. आपल्या भाषेत मुलांपुढे मरण ठेवण्याची लाज कधी नव्हती हेही खरं. ‘श्यामची आई’ १९३५ ची, आणि त्यात आई जाते. तीन-चार पिढ्या ते वाचून रडल्या आणि मोठ्या झाल्या. जर्मन चित्रकार वोल्फ एर्लब्रूखच्या बदक आणि मृत्यूच्या चित्रपुस्तकात बदक मरतं, मृत्यू त्याला नदीत सोडतो आणि पुस्तक संपतं. मी ते भाचीला वाचून दाखवलं आहे. ती रडली नाही. बदकाला थंडी वाजत होती का, एवढं तिनं विचारलं. मुलांना पेलतं, यात मला शंका नाही. माझी अडचण दुसरी होती. ते मरण माझं नव्हतं.

अनुवादाचा माझा नियम साधा आहे: आहे ते गाळायचं नाही, नाही ते घालायचं नाही. वाक्य अवघड गेलं म्हणून गाळलेला अनुवाद मी दुरून ओळखते आणि अशा अनुवादकांविषयी घरात फार वाईट बोलते. पण चित्रपुस्तक गाळण्यावरच उभं असतं. मुलगी थंडीनं कुडकुडत होती असं लिहायचं नाही, ते चित्रकारासाठी ठेवायचं. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यामुळे शब्दांतून काय काढून घेतलं नि कुठं ठेवलं याचा हिशेब एकाच हातात असतो. माझ्यासारखीला तो अनोळखी माणसावर सोपवावा लागतो. एका रात्री मी कंसात चित्रकारासाठी सूचना लिहिली: शेवटच्या चित्रात रजई एकच, मुलगी एकटी. सकाळी खोडली. जे मला लिहायचं धैर्य नाही ते मी कुणा तिसऱ्याच्या कुंचल्याकडून करवून घेणार होते.

मग प्रश्न आला, मूळ कोणतं? बीजींनी दोन वर्षं मला उंदीर आणि उचकी एवढंच सांगितलं. गाळणं त्यांनीच आधी केलं होतं. मी खांद्यावर थांबले तर मुळाशी प्रामाणिकच राहिले, असा बचाव करता आला असता. एम. ए.ला जाधवपूरला आम्ही रोलाँ बार्थचा १९६७ चा निबंध वाचला होता, लेखकाच्या मृत्यूवरचा. तेव्हा त्यावर मी फार जोरात बोलले होते. लेखक मेला की संहिता मोकळी होते. पण इथं सांगणारी बाई खाली अंगणात उन्हात बसली होती, आणि मेलेला दोन वर्षांचा होता. मुकं राहण्याचा अधिकार त्यांना सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ओझ्यातून मिळालेला. मी तेच मौन स्पर्धेसाठी वापरणार होते, आणि त्यांना विचारलंही नव्हतं.

छावणीतल्या त्या पडद्याचा मी पुष्कळ विचार केला. घर सुटलेल्या, माणसं गमावलेल्या मुलांना कुणी तरी उंदीर दाखवला. ती फसवणूक होती का? मला तसं वाटत नाही. पडद्यापुढच्या आणि मागच्या सगळ्या मुलांना बाहेर काय आहे ते ठाऊक होतं. पडदा गुंडाळला की ती तंबूतच परतणार होती. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढे दोन तास ते न बोलणं म्हणजे मायाच. पण माझं पुस्तक वाचणारं मूल कोथरूडच्या नाहीतर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसलेलं असेल, त्याला छावणी ठाऊक नसेल. त्याच्यासमोर तेच न बोलणं लपवणं होतं. आणि पहिल्या मसुद्यात मी याहून वाईट केलं होतं. छावणीची जत्रा केली होती. तंबू रंगीत, रांग फुग्यांसाठी. वयोगट ५ ते ८ असल्याने. मरणाबद्दल गप्प राहण्याचा निदान विचार तरी करता येतो. ही जत्रा सरळ खोटी होती, आणि गंमत म्हणजे तिच्यावर माझी झोप उडाली नव्हती.

जत्रा काढली. तंबू, पाण्याची रांग, दोघांत एक रजई, आई मोजून देते ती पोळी, हे सगळं आलं. घर मागे का राहिलं हेही दोन वाक्यांत आलं. शब्द ४६० झाले. मग कागद घेऊन खाली गेले आणि हिंदी करत करत बीजींना वाचून दाखवलं, जे खरं तर मी सगळ्यात आधी करायला हवं होतं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पोळी मोजण्यापाशी म्हणाल्या, “आई मोजत नव्हती. उरतच नव्हती तर मोजणार काय?” ते सुधारलं. शेवट झाल्यावर बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता ते येणार.

“छोटू कोण?”

भावाचं नाव मी छोटू केलं होतं.

“छोटू चहाच्या टपरीवर असतो,” बीजी म्हणाल्या. “त्याला नाव होतं. आईनं ठेवलेलं. छावणीत आम्हाला कार्ड मिळायच्या आधी तो गेला, त्यामुळे ते कुठं लिहिलंच गेलं नाही. तू लिहितेच आहेस तर ते लिही.”

मी शेवटाबद्दल विचारलं. झोपला असं लिहिलंय, ते चालेल का?

“त्या रात्री तो झोपलाच होता. खोटं काय आहे त्यात?”

“आणि नंतरचं?”

“नंतरचं राहू दे माझ्याकडे.” मग बक्षीस किती आहे ते विचारलं. मी सांगितलं. “मग हीटर घे,” म्हणाल्या, “तुझी खोली फार गार असते.”

त्या म्हणाल्या म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही. त्यांनी परवानगी दिली ती स्वतःच्या मौनाची. वाचणाऱ्या मुलाचं काय, हा मैत्रिणीचा प्रश्न तसाच शिल्लक आहे, आणि तिनं तो पुन्हा विचारला तर माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे की आता झोपेचा अर्थ त्या वाक्यात झोपच आहे. डोळे मिचकावणं काढण्यासाठी आधीच्या पानावरचं ‘शेवटचं’ हे विशेषण मी उडवलं. एखादं मूल विचारेलच, पुढे काय झालं म्हणून. तेव्हा वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःचं उत्तर द्यावं लागेल. हे बरं की वाईट, मी अजून ठरवू शकलेले नाही.

प्रतिज्ञापत्राचं मात्र ठरवावं लागलं, शेवटची तारीख आली होती. ‘अन्य कुणाच्या कथनावर आधारलेली नाही’ आणि ‘पात्रं काल्पनिक आहेत’ या दोन ओळी मी पेनानं खोडल्या. खाली लिहिलं की ही हकीकत आमच्या घरमालकांच्या आईंची आहे, मुलाचं नाव खरं आहे आणि ते बदलू नये. मग सही केली. नवरा म्हणाला, अशी प्रवेशिका उघडताच बाजूला ठेवतील. ठेवतीलही. नियम त्यांनी आधीच सांगितले होते, त्यांना दोष देता येणार नाही. ते नाव मी इथंही लिहीत नाही. बीजींनी ते त्या पुस्तकासाठी दिलं आहे.

एक नंबरच्या बाजारात दोन प्रती छापून आणल्या, त्यांच्यासाठीची मोठ्या टायपात. बीजींना मराठी येत नाही, पण इथल्याच शाळेत हिंदी शिकल्या, लिपी तीच. संध्याकाळी चष्मा लावून त्या पानांवरून बोट फिरवत बसल्या होत्या.

“सात वेळा आहे,” म्हणाल्या.

मी म्हटलं, सहा वेळा असावं. त्यांनी पहिलं पान काढलं आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली.