कुद्रेमुखची अमानत

जमिनीच्या पोटातले खनिज काढून घेतल्यावर मागे जे उरते, ते कुणाचे? कर्नाटकातल्या कुद्रेमुखला जाऊन आल्यापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही.

चिकमगळूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर हे गाव आहे. कुद्रेमुख म्हणजे घोड्याचे तोंड. शिखराच्या आकारावरून ते नाव पडले. कारकळहून घाट चढून आम्ही काही शिक्षक तिथे पोहोचलो. भोवती राष्ट्रीय उद्यान, दऱ्यांत दाट जंगल, वर गवताची कुरणे. मध्ये खाणीची वसाहत. ओळीने बांधलेली क्वार्टर्स, पावसाने काळवंडलेल्या भिंती, दारांना कुलपे, अंगणात माजलेले रान.

या वसाहतीचा इतिहास विलक्षण आहे. इथले लोहखनिज इराणला हवे होते आणि खाणीसाठी पैसाही तोच देणार होता. 1976 मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, शहा गेले, करारही बारगळला. तरी भारत सरकारने काम पुरे केले. डोंगर फोडून, खनिज दळून त्याचा लगदा सुमारे 67 किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळुरूच्या बंदराकडे जाऊ लागला. टाकाऊ गाळ लक्या धरणामागे साठू लागला. 1987 मध्ये याच परिसरात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढे वन्यजीवरक्षक न्यायालयात गेले. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 2005 अखेर खाण बंद झाली.

निकाल योग्यच होता, असे आम्हांला वाटते. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. तुंगा आणि भद्रेचे पाणी एकत्र होऊन पुढे कृष्णेला मिळते. डोंगरावरून वाहून आलेला गाळ कुणाच्या शेतात आणि कुणाच्या घागरीत जाणार, हे नदी विचारत नाही. पगार एका गावाला मिळावा आणि गढूळ पाणी दुसऱ्याने प्यावे, याला इन्साफ म्हणता येत नाही.

पण मग या कुलपांचे काय? कंपनीच्या कायम नोकराची बदली होऊ शकते. चहाच्या टपरीवाल्याची, शिंप्याची, रोजंदारीवाल्याची बदली कोण करणार? डोंगर फोडण्याचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. पोटासाठी ते आले आणि न्यायाची किंमत मात्र त्यांनीही मोजली. 'जंगल वाचवा' असा निबंध आमच्या वर्गात दरवर्षी लिहिला जातो. त्या निबंधात टपरीवाला कधीच येत नाही. तो यायला हवा. जंगल वाचवू नये, असा याचा अर्थ नाही. ते वाचवण्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा, एवढेच आमचे म्हणणे.

आणि ते धरण? सुमारे शंभर मीटर उंचीच्या त्या बांधामागे गाळ अजून तसाच आहे. खनिज गेले, त्याचे पोलाद झाले, पैसा खर्चूनही झाला. बांधाची राखण मात्र संपलेली नाही. दर पावसाळ्यात कुणीतरी त्यावर नजर ठेवलीच पाहिजे, आणि हे काम खाण चालली त्याहून कितीतरी अधिक वर्षे चालेल. जे आज जन्मलेही नाहीत, ते या कामाचे वारस आहेत. नफ्यात त्यांचा वाटा नव्हता.

अमानत हा शब्द आपण घरात वापरतो. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू जशी घेतली तशी परत करायची, हे लहान मूलही जाणते. डोंगर काही जसाच्या तसा परत करता येत नाही. म्हणूनच तो फोडण्याआधी दुप्पट विचार हवा. 2003 पासून आपल्या देशात खाण बंद करण्याचा आराखडा आधीच देणे सक्तीचे आहे. कागदावर ही गोष्ट चांगलीच आहे. पण त्या आराखड्यात गाळाबरोबर माणसांचाही हिशेब असला पाहिजे. आणि तो हिशेब पहिली सुरुंगाची वात पेटवण्याआधी मांडला गेला पाहिजे.