उलटं बटण

नवा रायपुरातल्या आमच्या भाड्याच्या घरात गिझरच्या बटणाशेजारी चिकटपट्टीने लावलेला एक कागद आहे. "हे बटण उलटं आहे. वर केलं की चालू. दिवा लगेच लागत नाही, दोन मिनिटं थांबावं. घाबरू नये." अक्षर घरमालकीणकाकूंचं. त्या मूळच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, त्यामुळे मराठी ठसठशीत, पण मध्येच हिंदीची फोडणी. इलेक्ट्रिशियनकडून दहा मिनिटांत सरळ होईल, असं मी एकदा सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे रे. इतकी वर्षं हाताला तीच आदत आहे. सरळ केलं तर रोज चुकेल."

आज सकाळी पाणी तापायची वाट पाहत तो कागद पुन्हा वाचला आणि हसू आलं. कारण गेले दोन दिवस मी नेमका असाच एक कागद लिहितो आहे.

टेबलावर तळहाताएवढा सर्किट बोर्ड आहे. बाहेरून त्याला 5 व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला त्यातला एखादाच व्होल्ट हवा, स्क्रीनला 3.3. ज्याला जेवढं पचतं तेवढंच वाढणारे ते व्होल्टेज रेग्युलेटर. पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरची सूक्ष्म भावंडं म्हणा. कोणता रेग्युलेटर कोणाला जोडलाय, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, स्वतःहून कळत नाही. तांब्याच्या रेघा त्याला दिसत नाहीत. म्हणून ते सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून द्यायचं. तिला म्हणतात डिव्हाइस ट्री. पूर्वी एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच वेगळा कोड कोंबायचे. 2011 साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावर भडकले, आणि मग ही फाइल तिथे रुजली. तिच्यात 1.8 व्होल्ट लिहायचे तर 1800000. हिशेब मायक्रोव्होल्टचा, कारण कर्नल दशांशाच्या वाटेला शक्यतो जात नाही.

माझी स्क्रीन लागायची, छान दिसायची आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने काळी व्हायची. दर वेळी. घड्याळ लावून पाहिलं. लॉगमध्ये स्क्रीनच्या रेग्युलेटरचं नाव आणि पुढे एकच शब्द : 'डिसेबलिंग'. बोर्ड सुरू झाल्यावर कर्नल 30 सेकंद थांबतो आणि ज्या रेग्युलेटरांवर कोणीच हक्क सांगितलेला नाही, ते बंद करत सुटतो. रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत फिरणाऱ्या आजीसारखा. आजीचं काही चुकत नव्हतं. खोलीत कोणी बसलंय, हे मीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री मी सोपा मार्ग धरला. फाइलीत 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' असं लिहून टाकलं, म्हणजे याला कधीच हात लावू नका. स्क्रीन टिकली, मी झोपलो. पण ते खोटं होतं. तो रेग्युलेटर कायम चालू ठेवावा अशी बोर्डाची काहीही मागणी नव्हती. खरं एवढंच की स्क्रीन त्याच्यावर जगते. डिव्हाइस ट्रीत हार्डवेअर जसं आहे तसं लिहायचं असतं, आपली सोय नव्हे. असे किती 'ऑलवेज-ऑन' कोणाकोणाच्या अर्धवट झोपेतून लिहिले गेले असतील आणि किती बॅटऱ्या त्यापायी फुकट उतरत असतील! काल ते खोडलं, स्क्रीनच्या नोंदीत तिचा वीजपुरवठा कोणता ते लिहिलं. मग सुरुवातीला पडद्यावर आडव्या रेघा यायला लागल्या. रेग्युलेटर चालू केला तरी व्होल्टेज स्थिरावायला वेळ लागत होता, आणि स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढं थांबत नव्हता. 20000 मायक्रोसेकंद थांबायला सांगितलं. रेघा गेल्या. काकूंची दोन मिनिटं, माझे वीस मिलिसेकंद.

उलटं बटणसुद्धा इथे आहेच. एका साध्या जातीच्या रेग्युलेटरला 'एनेबल-ॲक्टिव्ह-हाय' हा शब्द जोडला नाही, तर कर्नल समजतो की सिग्नल खाली गेला म्हणजे चालू. शेजारच्याच पिनच्या नोंदीत तुम्ही उलट लिहिलं असलं तरी तो ते मानत नाही. ही जुनी खोड सगळ्यांना माहीत आहे. पण काढायची कशी? विकल्या गेलेल्या बोर्डांतल्या जुन्या फाइली तिच्याच भरवशावर चालतात. कर्नलमध्ये त्यासाठी खास तजवीज करून ठेवली आहे. तात्यापाऱ्यातल्या काकू आणि कर्नलची मंडळी एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, तरी.

2025 साली इथे नवा रायपुरात छत्तीसगडच्या पहिल्या सेमीकंडक्टर कारखान्याची पायाभरणी झाली. ट्रिपलआयटीची मुलं त्याबद्दल उत्साहाने बोलतात, आणि ते बरंच आहे. फक्त चिपच्या खोडी टिपून ठेवण्याचं काम कोणाला करावंसं वाटतं, ते अजून मला दिसलेलं नाही. त्या कामाचे फोटो येत नाहीत.

मघाशी न्हाणीघरातून ओरडण्याचा आवाज आला. काल रात्री नागपूरहून आलेल्या धाकट्या भावाने सवयीने बटण खाली करून, कागदाकडे न बघता, बादली डोक्यावर ओतून घेतली होती.